दगडांतील गोगलगाय

‘गोगलगाय नि पोटांत पाय’ ही म्हण घरोघरीं ऐकूं येते. अशाच एका गोगलगाईविषयीं वर्गांत बोललों असतां एका पालकांनीं मला काळजीनें विचारलें, “गुरुजी, कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या गोष्टी शिकवून मुलांची श्रद्धा डळमळणार नाहीं काय?” प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचें उत्तर येथें सर्वांसाठींच देतों.

देवगिरीचा कडा ज्या काळ्या खडकाचा आहे व वेरूळचीं लेणीं ज्यांत कोरलीं आहेत, तो खडक सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहिलेला अग्निरस थिजून झाला. हा रस थरावर थर असा आला. दोन थरांमधील शांततेच्या काळांत तळीं साचलीं, झाडें वाढलीं आणि त्या तळ्यांत गोगलगाई नांदल्या. पुढचा लोट आला व सर्व कायमचें झांकलें गेलें. ह्याच खडकाची पूर्वेकडील कड नागपुराजवळ आहे. तेथें टाकळी व आसपासच्या भागांत अशा गोगलगाईंचे दगड झालेले शंख सांपडले. त्यांतील ‘फायसा प्रिन्सेपी’ ह्या जातीस १८४० सालींच नांव मिळालें होतें. शंखाचें टोंक वर धरून पाहिलें असतां तिचें तोंड डाव्या हातास येतें. आज ही जात जगांत कोठेंहि जिवंत नाहीं. दगडानेंच तिची आठवण ठेविली आहे.

हे शंख गोळा कोणीं केले? नागपुरास शाळा चालविणारे स्कॉटिश मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप व त्यांचे सहकारी रेव्हरंड रॉबर्ट हंटर यांनीं. पवित्र शास्त्र धरणाऱ्या हातांनींच त्यांनीं हातोडी धरली, आणि १८५५ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या पत्रिकेंत आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. १८६३ सालीं टाकळघाटचीं प्राचीन दगडी वर्तुळें पाहून परततांना हिस्लॉपसाहेब पाण्यांत बुडून वारले. शेवटपर्यंत ते उपदेशकहि होते व शोधकहि.

माझें मत स्पष्ट आहे. निर्मात्यावर ज्याची निष्ठा आहे, त्यानें निर्मितीकडे पाहण्यास भ्यावें कां? मुलानें आणलेला दगड ‘टाक तो’ म्हणून फेकावयास लावणारें घर एक प्रश्न दडपतें, आणि दडपलेला प्रश्न पुढें श्रद्धेलाच पोखरतो.

विद्यार्थ्यांनो, सुट्टींत डोंगरावर जाल तेव्हां खडक नीट न्याहाळा. लेण्यांस मात्र हात लावूं नका. आणि पालकहो, मुलाच्या खिशांत खडा आढळला तर रागावूं नका. तो कोठें सांपडला, एवढें अवश्य विचारा.