पिकअप गाड्यांचे ब्रेक व मालकांचें कर्तव्य

खेड्यांतील मालवाहतुकीचें स्वरूप गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पार पालटलें आहे. पूर्वीं जें काम बैलगाडी करी, तें आतां पिकअप गाडी करते. टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोणी, दुधाचे कॅन, खताचीं पोतीं, शेळ्यामेंढ्या, एवढेंच काय पण लग्नाचें वऱ्हाड आणि खुरपणीच्या बायाही ह्याच गाडींतून जातात. ही गाडी आतां चैनीची वस्तु राहिली नसून शेतीचें एक अवजार झाली आहे. परंतु विळ्याची धार व नांगराचा फाळ जो शेतकरी डोळ्यांत तेल घालून पाहतो, तोच ह्या अवजाराच्या ब्रेककडे वर्षानुवर्षें पाहत नाहीं, ही गोष्ट आम्हांस फार चिंतेची वाटते.

अपघात झाला म्हणजे वर्तमानपत्रांत एक ठराविक वाक्य येतें: "ब्रेक निकामी झाल्यानें चालकाचा ताबा सुटला." हें वाक्य वाचून सर्वजण हळहळतात आणि विषय संपतो. आमचा आक्षेप नेमका ह्या संपण्यावर आहे. मे २०२४ मध्यें छत्तीसगडांतील कवर्धा भागांत तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या बैगा आदिवासींची पिकअप दरींत कोसळली व १९ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या वेळीं ब्रेक निकामी झाल्याचें सांगण्यांत आलें. ऑगस्ट २०२५ मध्यें आपल्याच पुणें जिल्ह्यांत, खेड तालुक्यांत, कुंडेश्वराच्या दर्शनास निघालेल्या महिलांची पिकअप चढ न चढतां मागें घसरली व दरींत गेली. अनेक घरांतील कर्त्या बाया गेल्या. अशा वेळीं ब्रेक निकामी झाला असें म्हणणें म्हणजे माणूस श्वास थांबल्यामुळें मेला असें म्हणण्यासारखें आहे. श्वास कां थांबला, हें कोणी विचारावयाचें?

आमच्या मतें ह्या एका शब्दाखालीं तीन निरनिराळीं कारणें दडलेलीं असतात: भार व चालविण्याची रीत, देखभालीची हयगय, आणि गाडीच्या घडणींतील दोष. तिन्हींचे जबाबदार निरनिराळे आहेत. तीं वेगळीं केल्यावांचून ना गाडी सुधारेल, ना कारखानदार, ना आपण. आणि तीं वेगळीं होत नाहींत, म्हणूनच सर्व खापर शेवटीं गरीब चालकाच्या माथीं फुटतें.

प्रथम भाराचा विचार करूं. ब्रेक गाडीचा वेग गिळून टाकीत नाहीं. तो त्या वेगाची उष्णता करतो. समजा, मालासह ३,००० किलो वजनाची गाडी ३०० मीटर खोलीचा घाट केवळ ब्रेकवर उतरली, तर त्यांतून निघणारी उष्णता सुमारें २८ लिटर साध्या पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. त्याच गाडीचें वजन माल कोंबून ४,५०० किलो केलें, तर ती उष्णता ४२ लिटर पाणी उकळण्याइतकी होते. ड्रम व लायनर मात्र तेच राहतात. ते कांहीं मालाबरोबर मोठे होत नाहींत. त्यांत वेग दुप्पट झाला तर गाडी थांबविण्याचें काम चौपट होतें. ड्रम व लायनर तापले म्हणजे त्यांची पकड कमी होते. मग पाय कितीही दाबला तरी गाडी थांबत नाहीं, आणि गाडी थंड झाल्यावर पाहावें तर ब्रेक ठीक! अशा वेळीं चालक खोटें बोलतो असें समजण्याचें कारण नाहीं.

ह्याहून सूक्ष्म असा एक धोका आहे व तो फारच थोड्यांना ठाऊक आहे. अधिक माल बसावा म्हणून पुष्कळ मालक कमानपाटे वाढवून घेतात. कित्येक गाड्यांत मागल्या आंसाजवळ एक झडप असते. मालानें गाडीचा हौदा खालीं दबला म्हणजे ती ओळखते कीं आतां भार आहे, आणि मागल्या चाकांना अधिक ब्रेक देते. पाटे वाढविले म्हणजे हौदा दबत नाहीं. झडपेस गाडी रिकामीच वाटते आणि ती मागला ब्रेक आंखडून देते. म्हणजे भार जास्त, ब्रेक कमी! पैसे खर्चून आपण स्वतःच आपल्या गाडीची ही फसवणूक करतों.

आतां चालविण्याची रीत. बैलगाडी उतारास लागली म्हणजे बैल पाय रोवून गाडी मागें धरीत. मोटारींत तें काम खालचा गियर करतो. असें असतां, डिझेल वांचेल ह्या आशेनें उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडण्याची, कधीं तर इंजिनच बंद करण्याची खोड अनेकांना लागली आहे. हें अर्ध्या घाटांत बैलांचें जूं सोडून देण्यासारखें आहे. शिवाय डिझेल गाडीच्या ब्रेकला जोर देणारा बूस्टर निर्वात पंपावर चालतो व तो पंप इंजिनावर. इंजिन बंद केलें कीं दोन-तीन वेळां पाय मारल्यावर ब्रेक दगडासारखा कठीण होतो. नोव्हेंबर २०२२ मध्यें पुण्याच्या नवले पुलानजीक एका अवजड ट्रकनें डझनावारी वाहनें ठोकरलीं. पहिली वार्ता ब्रेक निकामी झाल्याचीच होती. पुढें तपासांत, चालकानें इंधन वांचविण्यासाठीं उतारावर इंजिन बंद केलें होतें असें पोलिसांनीं सांगितलें. वांचलेलें डिझेल लिटरभर तरी असेल काय?

देखभालीविषयीं थोडक्यांत सांगतों. ब्रेक ऑइल हवेंतील ओल शोषून घेतें. आपल्याकडे सर्रास मिळणारें डॉट ३ प्रतीचें नवें ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं. पण ओल मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरूं शकते. घाटांत तें उकळलें म्हणजे नळींत वाफेचे बुडबुडे होतात व पाय सरळ तळाला जातो. म्हणून ऑइलची पातळी पाहणें पुरेसें नाहीं. तें साधारण दोन वर्षांनीं बदललें पाहिजे, व गाडीच्या पुस्तिकेंत त्याहून कमी मुदत दिली असल्यास ती पाळली पाहिजे. खत, मीठ व मासळी वाहणाऱ्या गाड्यांच्या लोखंडी ब्रेक नळ्या लवकर गंजतात; त्या गाड्यांचा तळ वरचेवर धुवून काढावा. मालवाहू गाडीचें पासिंग पहिलीं आठ वर्षें दोन वर्षांनीं एकदां व पुढें दरवर्षीं होतें. परंतु तें प्रमाणपत्र त्या एका दिवसाचें आहे. पुढील सातशें दिवसांची हमी तें देत नाहीं.

येथवर दोष आमच्याच लोकांचा काढला, तेव्हां कोणी म्हणेल कीं कारखानदार सर्व निर्दोष आहेत काय? मुळींच नाहींत. अमेरिकेंत पिकअप गाड्यांचा खप प्रचंड आहे व तेथें शेतकरीही त्या वापरतात. जनरल मोटर्स कंपनीच्या २०१४ ते २०१८ ह्या सालांतील पिकअप व तशाच मोठ्या गाड्यांत वर सांगितलेला निर्वात पंप झिजून ब्रेक कठीण होतो, अशा शंभराहून अधिक मालकांच्या तक्रारी तेथील सरकारी सुरक्षा खात्याकडे जमल्या. खात्यानें २०१८ सालीं चौकशी मांडली आणि सप्टेंबर २०१९ मध्यें कंपनीनें सुमारें ३४ लाख ६० हजार गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या. आंकडा नीट पाहावा: शंभरावर कागद, आणि साडेचौतीस लाख गाड्या! प्रत्येक वेळीं यश येतेंच असें नाहीं. त्याच कंपनीच्या जुन्या पिकअप गाड्यांच्या ब्रेक नळ्या रस्त्यावरील मिठानें गंजतात, ह्या तक्रारींची चौकशी २०१५ सालीं गाड्या परत न बोलावतांच बंद झाली. तरीही गाडीचा तळ धुवा, नळ्या तपासून घ्या, अशी जाहीर सूचना तेवढी निघाली. कागदावर उतरलेली तक्रार हरली तरी दुसऱ्याला शहाणें करून जाते.

आपल्याकडे कायदा नाहीं असें नाहीं. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं ११० अ हें कलम घातलें गेलें व त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून अंमलांत आले. गाडींतील दोष चालकास, प्रवाशांस वा रस्त्यावरील इतरांस अपायकारक असेल आणि ठराविक प्रमाणांत मालकांनीं तो सरकारास कळविला, तर गाड्या परत बोलावण्याचा हुकूम केंद्र सरकार देऊं शकतें. तक्रार परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नोंदवितां येते. गाडी मात्र सात वर्षांच्या आंतील असावी लागते. ह्या कायद्याचें मर्म मालकांच्या संख्येंत आहे, आणि आमचा शेतकरी नेमका येथेंच गैरहजर असतो. पाय तळाला गेला कीं तो गांवच्या मिस्त्र्याकडे जातो, पंप बदलतो, पावती घेत नाहीं, आणि "देवानें वांचविलें" म्हणून नारळ फोडतो. नारळ अवश्य फोडावा. परंतु त्यानें कारखानदारास कांहीं कळत नाहीं. अशा शंभर मालकांचे शंभर अनुभव शंभर गांवांत विरून जातात.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाहीं. दोन खेपांचें भाडें परवडत नाहीं, म्हणून एकाच खेपेंत माल कोंबावा लागतो. भाव पडलेल्या दिवशीं तर एका खेपेचें भाडेंही निघत नाहीं. हें दुःख आम्ही जाणतों. परंतु हिशेब पुरा मांडावा. जादा भारास कायद्यानें २०,००० रुपये व वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे. हौद्यांत बसविलेल्या सामान्य प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधलेली नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ सालचा निर्णय आहे. कायद्याचें संरक्षण मुख्यतः मालाच्या धन्यास वा त्याच्या प्रतिनिधीस आहे. म्हणजे अपघात झाल्यास भरपाईचा बोजा मालकाच्या सातबाऱ्यावर येऊं शकतो. एका खेपेच्या भाड्यापुढें जमीन पणाला लावणें हा कोणता व्यवहार?

म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रत्येक गांवच्या सोसायटींत पिकअप गाड्यांची एक वही असावी. ब्रेकविषयीं जो बिघाड होईल, त्याची तारीख, गाडीचा नमुना व साल, किती किलोमीटर चालली, भार किती होता, मिस्त्र्यानें काय बदललें, हें त्यांत लिहावें. दुरुस्तीची पावती व काढलेला जुना भाग जपून ठेवावा. एकाच नमुन्याच्या तीन-चार गाड्यांत तोच बिघाड दिसला, कीं सर्व मालकांनीं त्याच आठवड्यांत वेगवेगळी तक्रार नोंदवावी व तिची प्रत कंपनीस धाडावी. भाडें खेपेवर न ठरवितां क्विंटलवर ठरवावें, म्हणजे माल कोंबण्याचा मोह ठरविणाऱ्यास राहणार नाहीं. आठ-दहा जणांनीं एकत्र येऊन दोन गाड्या केल्या, तर तें जमण्यासारखें आहे. वाढविलेले पाटे काढून टाकावेत. आणि मजुरांस, विशेषतः बायांस, हौद्यांत उभें करून घाट उतरविणें हें आजपासून बंद व्हावें.

ह्या वहीमुळें एक गोष्ट निश्चित होईल. ज्याच्या गाडींत जादा भार होता, त्यास आपली चूक दिसेल. ज्यानें ऑइल बदललें नाहीं, त्यासही दिसेल. आणि हें सर्व नीट असूनही ज्याचा ब्रेक गेला, त्याच्या हातीं कारखानदारास जाब विचारण्यासाठीं पुरावा राहील. आपलें घर स्वच्छ ठेवणाऱ्यानेंच दुसऱ्याकडे बोट दाखवावें, आणि मग मात्र तें न कचरतां दाखवावें. पुढील हंगामाचा माल बाजारास निघण्यापूर्वीं प्रत्येक सोसायटीनें ही वही घालावी, अशी आमची सर्व शेतकरी बंधुभगिनींस आग्रहाची विनंति आहे.