एनडीए हुकल्यावरचे कॉलेज

बारावीचे निकाल आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे (एनडीए) दीक्षान्त संचलन दोन्ही मे महिन्यातच येतात. 30 मे 2025 रोजी या संचलनात मुलींची पहिली तुकडी, 17 जणींची, बाहेर पडली आणि राज्यातल्या कितीतरी घरांत गणवेशाचा विषय नव्याने निघाला. ज्या घरांत एनडीए हुकले तिथे मात्र या दिवसांत कोणी कोणाशी धड बोलत नाही. या घरांना आम्हाला कळकळीने सांगायचे आहे, की अधिकारी होण्याची वाट बंद झालेली नाही. आता ती कॉलेजातून जाते.

पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा (सीडीएस) आहे, हवाई दलाची प्रवेश परीक्षा एएफकॅट आहे. शिवाय राष्ट्रीय छात्र सेनेच्या (एनसीसी) वरिष्ठ विभागातून ‘सी’ सर्टिफिकेट किमान बी ग्रेडने मिळवले आणि पदवीला 50 टक्के गुण असले, तर लेखी परीक्षा न देता थेट सेना निवड मंडळाच्या चाचणीसाठी (एसएसबी) अर्ज करता येतो. तिथे निवड झाली आणि वैद्यकीय तपासणीसह गुणवत्ता यादीत नाव लागले, की चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी. इतकी मोठी संधी, पण गावाकडच्या पालकांना तिची गंधवार्ता नसते.

एसएसबीत काय पाहतात? मैदानावर गटाला एक फळी, एक बल्ली आणि एक दोर देतात. मनाई असलेल्या जागेला पाय न लावता सगळ्यांनी ओझ्यासह पलीकडे जायचे असते. नेता कोणी नेमून देत नाही. कोण नुसता ओरडतो, कोण दुसऱ्याची कल्पना उचलून धरतो, फळीवर अडकलेल्याला कोण हात देतो, हे परीक्षक बाजूला उभा राहून टिपत असतो. चार आठवड्यांच्या क्लासात हे अंगी बाणत नाही. ज्या मुलीने एनसीसीची अंडर ऑफिसर म्हणून आपल्या कॅडेट्सना शिबिरात सांभाळले आहे, आजारी पडलेलीच्या उशाशी रात्र काढली आहे, तिला ते शिकवावे लागत नाही.

म्हणून कॉलेज निवडताना ‘डिफेन्स’ लिहिलेल्या फलकाला भुलू नका. रविवारी सकाळी परेडच्या वेळी मैदानावर जाऊन उभे राहा. एनसीसी सांभाळणारे प्राध्यापक प्रशिक्षण घेतलेले अधिकारी आहेत, की नावापुरते नेमलेले? शिबिराला गेलेल्या मुलाचे बुडालेले प्रात्यक्षिक पुन्हा घेतात, की त्याची हजेरी कापतात? यूजीसीने 2021 मध्ये एनसीसीला श्रेयांक देण्याची सोय केली. ती या कॉलेजात प्रत्यक्षात आहे का?

आणि पदवी कसून करा. कला शाखेच्या पदवीधराला डेहराडूनच्या लष्करी अकादमीत किंवा चेन्नईला जाता येते, पण सीडीएसमधून नौदल अकादमी गाठायची तर अभियांत्रिकीच लागते. पाठ्यपुस्तके बाजूला ठेवून तीन वर्षे नुसते धावायला लावणारे कॉलेज आम्हाला मुलांचा घात करणारे वाटते. एसएसबीतून परत येणारेच जास्त असतात. त्यांच्या हाती धड पदवी तरी हवी.

कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे एनसीसीत नाव लागले असे नव्हे. तिच्या जागा मोजक्या असतात आणि निवड वेगळी होते. ‘सी’ची परीक्षा सहसा तिसऱ्या वर्षी येते, तेव्हा प्रथम वर्षाला, कॉलेज सुरू होताच, एनसीसीच्या खोलीत जाऊन नाव नोंदवा.