सांगाडा तोच, काम नवे

नगर–सोलापूर रस्त्यावरील मिरजगावापासून समुद्र फार दूर. तरीही तेथील पेठेतल्या एखाद्या व्यापारी घरात मामांनी भाच्याला वाढदिवसानिमित्त जहाजाच्या प्रतिकृतीचे किट पाठवावे, हे आज नवलाचे नाही. अशा एका घराची कल्पना करावी. खोके उघडताच मुलाचे डोळे चमकतात. आजींचा चेहरा मात्र उतरतो. खोक्यावरचे चित्र मासेमारीच्या ट्रॉलरचे आहे. जाळे, जाळे ओढणारे यंत्र, मासळीचे हौदे, सारे त्यात आले. ‘‘बाळा, हे दिवाणखान्यात मांडायचे का रे?’’ एवढेच त्या विचारतात. खोके परत करावे तर मामांचे मन दुखावते, ठेवावे तर आजींचे.

येथे तिसरा मार्ग आहे. त्याच सुट्या भागांतून रुग्णांची ने-आण करणारी नौका उभी करता येते.

पण कापाकापीला घाई करू नये. जहाजाचा स्वभाव त्याच्या पाण्याखालील भागात असतो. ट्रॉलरचा तळ खोल व पोट रुंद असते. वजन वाहणे आणि खवळलेल्या पाण्यात टिकून राहणे ही त्याची कामे. त्याची वेगवान गस्तीनौका करू गेल्यास ती खोटी दिसेल. रुग्णनौका मात्र त्याला शोभते. म्हणून पहिला नियम असा, की पाण्याच्या रेषेखाली हात लावू नये; बदल करावयाचा तो वरच्या भागात.

दुसरा नियम मापाचा. किट एकास पन्नास या प्रमाणाचे असेल, तर दोन मीटरचा दरवाजा चार सेंटिमीटरचा आणि एक मीटरचा कठडा दोन सेंटिमीटरचा हवा. हे माप चुकले, की उत्तम रंगकामही व्यर्थ. नवी खोली प्रथम जुन्या खतावणीच्या पुठ्ठ्याची करून पाहावी. पुठ्ठा वाया गेला तर हळहळ नाही.

तिसरा नियम तोलाचा. वर जितके वजन चढेल, तितकी नौका कलंडण्याची भीती. प्रतिकृती पाण्यात सोडावयाची असेल, तर नव्या खोल्या हलक्या ठेवाव्यात, तळाशी वजन घालावे आणि कायमचे चिकटवण्यापूर्वी अंगणातील हौदात परीक्षा घ्यावी. बोटाने किंचित कलवून सोडल्यावर ती सरळ झाली पाहिजे. कापण्याचे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि चिकटवण्याचे काम खिडकी उघडी ठेवून करावे, हेही ओघाने आलेच.

‘‘मूळ वस्तूची मोडतोड कशाला?’’ अशी शंका घरातील वडीलधारे घेतील. तिचे उत्तर मुंबईच्या गोदीत सापडते. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. तिचे आराखडे घेऊन येणारे ‘जावा’ हे जहाज १८१२ च्या अखेरीस अमेरिकेशी झालेल्या लढाईत गमावले होते. म्हणून आराखडे पुन्हा पाठवावे लागले. नौका तयार झाली तेव्हा नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले होते. इंग्लंडला पोहोचल्यावर ती अनेक वर्षे कामाविना उभी राहिली. मग १८४५ ते १८४७ या काळात तिची पिछाडी नव्याने घडवली गेली, तोफा संख्येने कमी पण अधिक शक्तीच्या झाल्या, आणि ३८ तोफांची फ्रिगेट २६ तोफांची कॉर्व्हेट बनली. पुढे तीच प्रशिक्षणनौका झाली. १८९७ मध्ये ती मोडीत विकली गेली, तेव्हा एका गृहस्थाने ती विकत घेऊन वाचवली, आणि १९८६ पर्यंत तिच्यावर तरुणांना शिकवले जात होते. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली असून अजूनही पाण्यावर तरंगते.

काम बदलत गेले म्हणून ती वाचली, आणि सांगाडा सच्चा होता म्हणून तिला काम बदलता आले. दुकानात पडून राहिलेला माल फेकण्यापूर्वी जो व्यापारी त्याचा दुसरा उपयोग शोधतो, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या कल्पनेतील घरात मासळीच्या हौद्यावर आता झाकण बसते. खाली रुग्णांच्या खाटा येतात. जाळे खोक्यातच राहते. जाळे ओढणारे यंत्र मात्र काढून टाकावे लागत नाही. त्याच्या दोरीने आता छोटी बचावहोडी पाण्यात उतरते. नौका पांढऱ्या रंगाने उजळली, की ती कोठे ठेवायची हे आजींनाच विचारावे. दिवाणखान्यातील जागा त्या स्वतः दाखवतील. आणि मामांना पाठवायचे छायाचित्रही तेथेच काढता येईल.