बासष्टच्या अलीकडे की पलीकडे?

एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून निघणाऱ्या लोहखनिजाचा भाव ठरतो तो त्यातल्या लोहाच्या टक्क्यावर. नागपूरचा भारतीय खाण ब्युरो प्रतवारीनुसार सरासरी विक्री किंमत जाहीर करतो. ६० ते ६२ टक्के हा एक टप्पा, ६२ ते ६५ हा पुढचा. रॉयल्टी त्या किमतीवर बसते आणि तिच्या प्रमाणात जिल्हा खनिज निधीत भर पडते. खाणबाधित गावांच्या पाण्या-दवाखान्याचा पैसा असा प्रयोगशाळेतल्या आकड्याशी बांधलेला आहे. म्हणूनच या अंकाचा विषय आहे: वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निकाल एकत्र कसे आणावेत?

समजा, एकाच नमुन्याला एका प्रयोगशाळेने ६१.८ टक्के सांगितले, दुसरीने ६२.३; दोघींनीही अनिश्चितता ०.१ दिली. नेहमीची भारित सरासरी येते ६२.०५, अनिश्चितता जेमतेम ०.०७. हा ठामपणा आम्हाला पटत नाही. अर्ध्या टक्क्याची तफावत समोर दिसत असताना तिच्याकडे डोळेझाक कशी करायची? पॉल आणि मँडेल यांनी १९८२ मध्ये मांडलेली रीत ही तफावतच हिशेबात धरते. सरासरी तीच राहते, पण अनिश्चितता ०.२५ होते. मग ६२ ची रेषा ओलांडली, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

सूत्रांइतकीच जागा आम्ही नमुना कसा उचलला, दळला आणि वाटला याला दिली आहे. बरीचशी तफावत तिथेच शिरते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आणि ग्रामसभेत आकडे विचारणाऱ्या वाचकांनी आपले अनुभव आम्हाला जरूर लिहून पाठवावेत.