यंत्रे सुधारली, दुरुस्ती करणाऱ्याचे काय?



दहावी-बारावीचे निकाल लागले की देवरी आणि आसपासच्या खेड्यांतील पालक आमच्याकडे कागद घेऊन येतात. यंदा दोघा-तिघांनी एकच गोष्ट विचारली. दवाखान्यातील तपासणीची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या इंजिनिअरचे शिक्षण पोराला द्यावे काय? कुणीतरी त्यांना सांगितले होते की आता यंत्रे बिघडतच नाहीत, त्या कामात राम उरला नाही.

हा प्रश्न नुसत्या नोकरीचा नाही. सिकलसेल विदर्भात आदिवासी बांधवांच्या घरी आहे, तसा आपल्याही घरी आहे. सोयरीक जुळविण्याआधी मुलामुलीचे रक्त तपासा, असे आपण सभांमधून सांगतो. पण तपासणीचे यंत्रच बंद पडले असेल तर लग्नाची तारीख काही थांबत नाही.

याच आजाराच्या तपासणीत काय काय बदलले ते पाहा. पहिली चाचणी साधी असते. नळीतल्या द्रावणात रक्त टाकायचे, द्रावण गढूळ होऊन मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की संशय घ्यायचा. रुग्ण आहे की नुसता वाहक, हे ठरविण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस. त्यात विजेची एक पेटी, एक टाकी आणि पट्टी. पेटी बंद पडली तर मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचे सामान बाळगणारा कुणीही हुशार कारागीर ती उघडून पाहू शके. पुढे एचपीएलसी आले. त्यातला कॉलम ठरावीक तपासण्यांनंतर बदलावा लागतो, पंपाचे सील झिजतात. तेथे कंपनीने शिकविलेलाच माणूस हवा. आणि १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तीत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले गेले. एवढ्या तपासण्यांसाठी कार्डावरची चाचणीही आली. बोटातून थेंबभर रक्त घेतले की थोड्या वेळात उत्तर! वीज नको, यंत्र नको. मग इंजिनिअर तरी कशाला?

क्षयरोगात मात्र उलट घडले. पूर्वी थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. भिंगाला बुरशी लागली किंवा दिवा गेला, एवढ्यापुरतीच दुरुस्ती. डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जीनएक्सपर्टला मान्यता दिली. आपल्या दवाखान्यांत त्याला सीबीनॅट म्हणतात. त्याला थंड खोली आणि स्थिर वीज लागते. मग गोव्याच्या मोलबायो कंपनीचे बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट आले, त्यालाही २०२० मध्ये मान्यता मिळाली. जेथे सूक्ष्मदर्शकच तेवढा होता, तेथे आता खरोखरचे यंत्र पोहोचले. म्हणजे एकीकडे काम आटले, दुसरीकडे वाढले.

पण कामाची जात बदलली. जुना इंजिनिअर सर्किट उघडून नेमका जळालेला भाग शोधी. आता सीबीनॅटचा कप्पा नादुरुस्त झाला की अख्खा कप्पाच काढून नवा बसवितात. अनेक यंत्रांतील बिघाड कंपनीचा माणूस दूर बसून इंटरनेटवरून पाहतो आणि फोनवरून इथल्या तंत्रज्ञाकडून ती दुरुस्ती करून घेतो. ज्याला फक्त सोल्डरिंग येते तो मागे पडतो. ज्याला संगणकाची जोडणी, रसायनांचा स्वभाव आणि तंत्रज्ञाला न ओरडता शिकविण्याची हातोटी आहे, तो टिकतो. शेवटचा गुण कोणत्याही कॉलेजात शिकवीत नाहीत, आणि आमच्या मते तोच मोठा आहे.

सोल्डरिंगमधले आम्हाला काही कळत नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे, करारनामा तेवढा वाचता येतो. एएमसी म्हणजे साधारणपणे नुसती मजुरी, सुटे भाग वेगळे. सीएमसीत भागही आले. तिसरा प्रकार असा की यंत्र कंपनीचे, दवाखान्याने फक्त रसायने विकत घ्यायची. तेथे यंत्र बंद तर कंपनीची विक्री बंद, म्हणून इंजिनिअर धावत येतो. पहिल्या दोन प्रकारांत तो किती तासांत येईल हे करारात लिहिलेले नसेल, तर नागपूरहून भंडारा, साकोली करीत देवरीला पोहोचायला त्याला कितीही दिवस लागू शकतात.

आता शिक्षणाचे. डीएमएलटी केलेला मुलगा तपासणी करतो, यंत्र दुरुस्त करीत नाही. येथे पुष्कळ घरांचा घोटाळा होतो व फी वाया जाते. दुरुस्तीसाठी आयटीआयचा दोन वर्षांचा टेक्निशियन मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स, नाहीतर तंत्रनिकेतनातील मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सची तीन वर्षांची पदविका. मुलीही हे काम करू शकतात. बॅग घेऊन गावोगाव फिरावे लागेल, एवढे घरच्यांनी आधी मान्य करावे.

या नोकऱ्या बहुतेक खाजगी कंपन्यांच्या आणि कंत्राटाच्या. तेथे आरक्षण नाही. २०१५ पासून राष्ट्रीय आरोग्य अभियानातून सरकारी दवाखान्यांतील यंत्रांच्या देखभालीचा कार्यक्रम आहे, तोही मुख्यत्वे खाजगी संस्थांकडे सोपविला जातो. म्हणून मुलाखतीला जाताना मुलाने चार गोष्टी विचारून घ्याव्यात. गाडी कुणाची, पेट्रोल किलोमीटरप्रमाणे मिळते काय, अपघात विमा कोण काढतो, आणि कंपनीने दिलेल्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र नोकरी सोडताना हातात मिळते की नाही. मूळ गुणपत्रिका ठेवून घेतो म्हणणाऱ्याकडे सही करू नये. ज्यांना असा करारनामा समजत नसेल, त्यांनी रविवारी सकाळी तो घेऊन आमच्याकडे यावे.