गच्चीवरचा चैत्र

दिवाळीच्या फराळाच्या ताटात कैरीची डाळ वाढणारी मी बहुधा पहिलीच असेन. पण दिवाळी ही मुलांची असते असे जे म्हणतात, ते मला कधीच पुरते पटलेले नाही. दिवाळीची सुट्टी ती केवढी! निम्मी पाहुण्यांत आणि फराळात जाते, उरलेली शाळेने दिलेल्या गृहपाठात. मुलांचा खरा सण म्हणजे वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन पोर घरी येते, दप्तर कोपऱ्यात भिरकावते आणि "आता काय करू?" म्हणून विचारते, तिथपासूनचे पुढचे पंधरा दिवस. हापूस अजून परवडत नसतो, मामाकडे जायचे आरक्षण मे महिन्याचे असते, छंदवर्ग सुरू व्हायला अवकाश असतो. या पंधरा दिवसांना पंचांगात नाव नाही, म्हणून बिचाऱ्यांवर कुणी लिहीत नाही.

आमचे घर पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत होते. 'होते' असेच म्हणायला हवे. १९७१ सालची तीन मजली इमारत, बारा बिऱ्हाडे, लिफ्ट नाही आणि वर ऐसपैस मोकळी गच्ची. २०२४ च्या श्रावणात आम्ही ती पुनर्विकासासाठी रिकामी करून दिली. म्हणजे २०२४ चा उन्हाळा हा त्या गच्चीवरचा शेवटचा. आम्हा मोठ्यांना हे फाल्गुनातच कळले होते, आणि त्या दिवसापासून घरात हा एक शब्द शिरला तो शिरलाच. शेवटचा पाडवा, शेवटची चैत्रगौर, शेवटचे लोणचे. माझा मुलगा तर गॅलरीत चहा पितानाही 'शेवटचा' म्हणून सुस्कारा टाकी. एक दिवस थोरल्या नातवाने, तो तेव्हा आठ वर्षांचा, मला हळूच विचारले, "आजी, शेवटचं म्हणजे पुढच्या वर्षी आपण पन्हं करायचंच नाही का?"

त्याच संध्याकाळी मी बिस्किटांचा एक रिकामा डबा टेबलावर ठेवला आणि जाहीर केले की, जो कोणी 'शेवटचा' म्हणेल त्याने त्यात दहा रुपये टाकायचे. पोरांनी हा कायदा इतक्या कडकपणे पाळला, की चार दिवसांत बर्फाच्या गोळ्यांची सोय झाली. निम्म्याहून अधिक रक्कम माझ्या चिरंजिवांची. तोंड बंद झाले म्हणजे मनातले जाते असे नव्हे, पण निदान मुलांच्या सुट्टीवर त्याची सावली पडायची थांबली.

आमच्याकडे सुट्टी सुरू होते ती माठापासून. माठ परीक्षेच्या आधीही आणता येतो, पण आणायचा नाही. तो मुलांनीच निवडायचा असतो. धाकटीने (वय वर्षे पाच) तीन माठांना टिचक्या मारल्या, चौथ्याला कान लावला आणि "हा बोलतो" म्हणून सांगितले. नवा माठ एक दिवस भरून ठेवायचा आणि ते पाणी झाडांना घालायचे. तेवढाही दम दोघांना निघत नव्हता. दुसऱ्या दिवशी थोरला ओरडत आला, "आजी, माठ गळतोय!" मग त्याला समजावले, की अरे, पाझरतो म्हणून तर गार होतो. बाहेर आलेले पाणी वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. पटावे म्हणून त्याच्या हातावर ओला फडका फिरवला आणि फुंकर घालायला लावली. मग मुंबईच्या आत्याकडचा माठ असा गार का होत नाही, हेही त्याचे त्यानेच शोधून काढले. तिकडची हवा आधीच ओली, तिथे पाणी वाळायलाच तयार नसते. ही माहिती त्याने आत्याला तातडीने फोन करून दिली. आत्याला फारसा आनंद झाला नसावा.

पण खरी मौज कुरडयांची. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी वाटून आणि पिळून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा आणि सकाळी वरचे पाणी अलगद ओतून टाकायचे. काम थोडे, वाट पाहणे फार. धाकटी रोज नाक चिमटीत धरून पातेल्यात डोकावे, "ईऽऽ" करी आणि दहा मिनिटांनी पुन्हा डोकावे. हल्ली मागवलेली वस्तू दहा मिनिटांत दाराशी येते. अशा काळात चार दिवस कुणाचेही न ऐकणारी एखादी वस्तू घरात असावी, याची मला भारी गंमत वाटते. सूनबाई नोकरीवाली, सकाळी आठला घर सोडणारी, ती म्हणाली, "आई, विकत मिळतात हो चांगल्या, कशाला एवढा त्रास?" मिळतात ना! पण विकतच्या कुरडयांबरोबर चीक मिळत नाही.

ज्यांनी तो खाल्ला आहे त्यांना सांगायला नको. जितका चीक तितके पाणी, त्यात मीठ आणि हिंग, आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहायचे, म्हणजे पांढरे मिश्रण हळूहळू काचेसारखे चकाकू लागते. त्यातला वाटीभर बाजूला काढायचा. कुणी त्यावर कच्चे तेल घेते, कुणी तूप, आणि पोरांना दूध-साखर. खालच्या मजल्यावरच्या काकू, वय ८२, केवळ या वाटीसाठी प्रत्येक मजल्यावर थांबत, कठडा धरत गच्चीवर आल्या. इमारत झाली तेव्हापासून त्यांचा उन्हाळा याच गच्चीवर वाळलेला. वाटी संपवून त्या म्हणाल्या, "हिंग जरा कमी पडलाय." दुसरे काही बोलल्या नाहीत, आणि आम्हीही बोललो नाही. डब्यात एकही नाणे पडले नाही त्या सकाळी.

माझ्या सासूबाईंचा पितळी सोऱ्या आहे. गरम चीक भरायचे काम माझे, फडक्याने धरून दांडा फिरवायचे काम थोरल्याचे आणि सुनेचे. तिने त्या दिवशी मुद्दाम अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. कुरडयांसाठी नव्हे, चिकासाठी, असे तिनेच कबूल केले. धाकटीने कुरडईऐवजी आपल्या नावाचे पहिले अक्षर काढले आणि ते कुणी तळायचे नाही अशी ताकीद दिली. मग जुनी काळी छत्री उघडून तिच्याखाली कावळ्यांची राखण आणि झब्बूचे डाव. सकाळी मोजल्या तेव्हा कुरडया ११२ होत्या, संध्याकाळी ९७ भरल्या. कावळे आले होते म्हणे. अर्धवट वाळलेली कुरडई किती छान लागते हे मला ठाऊक असल्यामुळे मी कावळ्यांची अधिक चौकशी केली नाही.

एप्रिलच्या दोन रात्री आम्ही गाद्या वर नेल्या. पुण्याचा उजेड आता इतका झाला आहे की आकाशगंगा वगैरे विसरावे, पण सप्तर्षी दिसतात. त्यांतले पुढचे दोन, क्रतू आणि पुलह, यांना जोडणारी रेघ तशीच पुढे नेली की ध्रुव सापडतो. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. थोरल्याने क्षितिजापासून मुठी मोजल्या. ध्रुव दोन मुठींच्या किंचित खाली निघाला. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे, आणि ज्या गावाचा जितका अक्षांश तितका तिथे ध्रुव वर, हे ऐकल्यावर आपण भूगोल मुठीत पकडला असे त्याला वाटले. पहाटे गारवा सुटला आणि सगळी पांघरुणे एकट्या धाकटीकडे गेली.

मे महिन्यात याच साडेअठरांनी आणखी एक नवल दाखवले. सूर्य उत्तरेकडे सरकता सरकता ज्या दिवशी बरोबर आपल्या अक्षांशावर येतो, त्या दिवशी मध्यान्ही तो थेट डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली दडते. कोल्हापूरला हे पुण्याच्या आठवडाभर आधी घडते, नागपूरला मेच्या अखेरच्या आठवड्यात. दिल्लीच्या मुलांना मात्र हे कधीच दिसत नाही, कारण सूर्य कर्कवृत्ताच्या पलीकडे जातच नाही. परतीच्या वाटेवर जुलैच्या अखेरीस तो पुन्हा आपल्या डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात. २०२४ साली पुण्यात हा दिवस १३ मे रोजी आला आणि नेमके त्याच दिवशी लोकसभेचे मतदान होते. त्यामुळे घरात सुट्टी, आणि साडेबाराच्या उन्हात बोटाला शाई लावलेली सहा-सात वडीलधारी माणसे मुलांच्या मागोमाग गच्चीवर! एरवी आम्ही मुलांना ज्या वेळी घरात डांबून ठेवतो, नेमकी तीच वेळ.

मध्ये काय उभे करायचे यावर वाद झाला आणि शेवटी सोऱ्याच आणला. एक ढग आला नि रेंगाळला, तेव्हा सगळ्यांनी त्याला यथेच्छ नावे ठेवली. मग ऊन पडले आणि साडेबाराच्या सुमाराला सोऱ्याची सावली आत सरकत सरकत त्याच्या बुडाखाली नाहीशी झाली. दोन-तीन मिनिटे कुणी बोलले नाही. धाकटीला मात्र आपली सावली हरवलेली मुळीच आवडली नाही. ती उड्या मारू लागली, आणि प्रत्येक उडीबरोबर सावली पायाखालून सुटून खाली दिसू लागली. "सापडली! सापडली!" मग सगळीच उड्या मारू लागली, त्यात आमचे चिरंजीवही होते. बँकेत अधिकारी आहेत.

आता आम्ही सातव्या मजल्यावर भाड्याच्या घरात राहतो. तिथल्या गच्चीला कुलूप आहे आणि किल्ली मागायला गेले की कारण विचारतात. २०२५ च्या चैत्रात कुरडया बाल्कनीत घातल्या. ऊन तिथे जेमतेम चार तास, दोन दिवसांच्या जागी वाळायला पाच दिवस लागले, आणि कावळे आले नाहीत तरी आकडा कमी भरला. माठ तसाच बोलतो. रात्री झोपायला मात्र जागा नाही. बाल्कनीतून ध्रुव दिसत नाही, कारण ती दक्षिणेला आहे. थोरल्याने हे पहिल्याच आठवड्यात शोधून काढले आणि तो थोडा गप्प झाला.

मध्यंतरी नव्या इमारतीचा नकाशा बघायला आम्हा सगळ्यांना बोलावले होते. काचेच्या पेटीत एक छोटी, देखणी इमारत ठेवलेली होती; आत दिवे, बाहेर हिरवी झाडे. काकूंना खुर्ची दिली होती. एक तरुण इंजिनिअर व्यायामशाळा, वाहनतळ, मुलांसाठी खेळायची खोली असे सगळे फार आपुलकीने दाखवीत होता. धाकटी टाचा उंचावून पेटीत वरून बघत होती.

"आणि गच्ची?"

"टेरेसवर सोलर येणार आहे, बेटा. पूर्ण टेरेसभर."

"मग कुरडया कुठं वाळणार?"

तो हसला. मग काकूंनीही तेच विचारले, आणि आमच्या सूनबाईंनीही, तेव्हा त्याने हसणे थांबवून खिशातली वही काढली, "किती जागा लागते साधारण?" म्हणून विचारले आणि उत्तर लिहून घेतले. उत्तर आमच्या थोरल्याने दिले. कुरडयांपुरती जागा सांगून झाल्यावर त्याने त्यात चार गाद्यांची भर घातली.