गारगोटी हौसेनं फिरवा, पण तिचा धंदा घरात आणू नका



शेतातले रंगीत दगड वेचा, मशीनमध्ये टाका, महिन्याभरात रत्नं बाहेर काढा आणि घरबसल्या कमवा, असे व्हिडिओ सध्या गावोगावच्या मोबाईलवर फिरतायत. शेळीपालन झालं, ससे झाले, कडकनाथ झाला, आता दगड. मी स्वतः घरी दगड फिरवतो आणि मला त्याचा नाद आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो. छंद म्हणून हे काम झकास आहे. जोडधंदा म्हणून ते तुम्हाला खड्ड्यात घालेल, आणि नुसता पैशाचा खड्डा असता तर मी एवढं लिहीत बसलो नसतो.

आधी हे दगड येतात कुठून ते बघू. आपला दख्खनचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे लाखो वर्षांत त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली सिलिका थर धरून बसली. तीच गारगोटी, तोच पट्ट्यापट्ट्यांचा अकीक, तोच लालपिवळा जास्पर. काळा दगड झिजून त्याचा मुरूम झाला, माती झाली, पण गारगोटी झिजत नाही. म्हणून मुरमाड रानात पहिला पाऊस झाला की ती धुऊन वर दिसते. आपल्या आज्या-पणज्यांनी चकमकीला वापरली ती हीच.

आता मशीन. त्यात जादू काही नाही. आडवा रबरी ड्रम, खाली दोन रूळ, बाजूला छोटी मोटर. ड्रम पाऊण भरेपर्यंत दगड, वर कार्बोरंडमची भरड पूड, दगड जेमतेम बुडतील एवढं पाणी. आठवडाभर रात्रंदिवस फिरवायचं. मग सगळं धुऊन मधली पूड, पुन्हा आठवडा. मग बारीक पूड, पुन्हा आठवडा. शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइडची पिठासारखी पूड, की चमक येते. नदी जे काम हजारो वर्षांत करते ते चार आठवड्यांत होतं, पण चार आठवडे लागतातच. ड्रमचा वेग वाढवून भागत नाही. वेग वाढला की दगड एकमेकांवर घसरायचे सोडून आपटतात आणि त्यांना चिरा जातात, नाहीतर कडेला चिकटून नुसतेच गोल फिरतात.

व्हिडिओवाला इथेच गप्प बसतो. घरगुती लहान ड्रममध्ये एका वेळी किलोभर दगड बसतात, म्हणजे महिन्याला एक किलो माल, आणि तोही पहिल्या आठवड्यात झिजून कमी होणारा. विजेचा खर्च फार नाही, 25 वॅटची मोटर 28 दिवस अखंड चालली तर 17 युनिटसुद्धा होत नाहीत. पण पुडीचे पैसे, तुमचे चार धुण्याचे दिवस, भारनियमनात थांबलेल्या ड्रमच्या तळाशी बसलेला गाळ, हे कोण मोजतो? आणि विकणार कुठं? खंबायतेत हाच माल मोठमोठ्या ड्रममधून निघतो आणि पोत्यानं, किलोच्या भावानं विकला जातो. तिथली कारागिरी हडप्पा काळापासूनची आहे. लोथलला मणी घडवायची कार्यशाळा उत्खननात सापडली. राजपिपळ्याजवळच्या रतनपूरचा अकीक खंबायतेत यायचा, शेणाच्या मंद आचेत भाजून तो लाल करायचे, आणि चामड्याच्या पिशवीत कुरुंदाच्या पुडीबरोबर भरून दोन माणसं ती पिशवी दिवसेंदिवस इकडून तिकडे लोळवत बसायची. आपल्या ड्रमचा आजा म्हणजे ती पिशवी. त्या बाजाराशी तुमचा एक किलो भांडणार आहे.

मग धंदा करायला निघालेला माणूस काय करतो? घाई करतो. पहिला आठवडा वाचवायला तो चार इंची ग्राइंडर घेतो, दगड हातात धरतो आणि कोरडाच घासून गोल करून घेतो. त्या व्हिडिओतला पोरगासुद्धा तेच करतोय. तोंडाला गमछा, अंगणात बसलाय, पांढरा धुरळा उडतोय आणि मागं लहान लेकरू खेळतंय. तो धुरळा बघून माझं डोकं फिरलं.

गारगोटी म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. ती कोरडी घासली की जो बारीक कण उडतो, त्यातला सगळ्यात घातक भाग डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. तो फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो आणि परत येत नाही. त्याच्याभोवती फुप्फुस घट्ट होत जातं. हा सिलिकोसिस. त्याच्यावर बरं करणारं औषध नाही. बहुतेकदा लगेच काही होत नाही, वर्षं जातात, मग दम लागतो, खोकला येतो, वजन उतरतं, आणि दवाखान्यात टीबी समजून गोळ्या सुरू होतात. त्यात ज्याला सिलिकोसिस आहे त्याला खरा टीबी व्हायचा धोकाही जास्त. गमछा आणि रुमाल या कणांपुढे चाळणीसारखे.

हे मी घाबरवायला सांगत नाही. खंबायतेत हे काम घराघरांत चालत आलंय, आणि तिथं घासणाऱ्याबरोबर त्याच घरात स्वयंपाक करणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या, दगडाला हातही न लावलेल्या माणसांना हा रोग झाल्याचं आढळलंय. गोध्रा-बालासिनोर भागातल्या गारगोटी दळायच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर कामाला जायचे आणि गावी येऊन मरायचे. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 2016 साली कोर्टानं गुजरात सरकारला 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्यायला सांगितलं. ही माणसंसुद्धा शेतीवर भागेना म्हणूनच गेली होती. तुम्ही तोच कारखाना स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या पैशानं घालणार, आणि तिथं भरपाई मागायला मालकही नसणार.

काही जण म्हणतील, तरुणांनी काही करायला घेतलं की तुम्ही आडवे येता. करू द्या की. पण ड्रममध्ये, पाण्यात, चार आठवडे. ओल्या कामात धूळ उडत नाही म्हणून तर हा छंद घरात चालतो. दगड फोडायचा झाला तर पाणी मारून, पोत्यात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून फोडा. कोरडं ग्राइंडर नको म्हणजे नको. एवढ्या अटीवर धंदा परवडत नसेल तर तो धंदा परवडत नाही, सरळ आहे.

दुसरी थाप म्हणजे ‘रानातले सगळे दगड टाका, सगळे चमकतात’. नाही चमकत. ड्रममध्ये एका कठीणपणाचीच मंडळी बसवावी लागतात. गारगोटी, अकीक, जास्पर हे सात किंवा सातच्या जवळचे, ते एकत्र नांदतात. त्यातही निव्वळ स्फटिकाच्या गारेच्या कडा लवकर टवकतात, म्हणून सोबत प्लास्टिकचे दाणे घालावे लागतात. आकार मात्र मिसळ हवा, मोठ्यांच्या फटीत बारीक शिरले की घासणं नीट होतं. कॅल्साइट तीनचा. तो अकिकाबरोबर टाकला तर आठवड्यात त्याची रबडी होते. काळा दगड नुसता गुळगुळीत होतो, आरसा होत नाही. ओळखायला सोपं आहे. चाकूचं टोक ओढा, चरा पडला तर बाजूला काढा. ठिबक धुवायचं पातळ आम्ल घरात असतं, त्याचा एक थेंब टाका, फसफसला तर कॅल्साइट. आम्ल हाताळताना हातमोजे घाला, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि झिओलाइट! विहीर खोदताना पोकळीत पांढऱ्या सुयांचे झुबके, गुलाबी पंख्यासारखे पापुद्रे, काचेसारखे हिरवट चौकोन सापडतात. स्कोलेसाइट, स्टिलबाइट आणि झिओलाइट नसलं तरी त्यांच्यासोबतच सापडणारं ॲपोफिलाइट. हे ड्रममध्ये टाकणाऱ्याला काय म्हणावं? त्यांची सगळी किंमत न मोडलेल्या स्फटिकात असते. वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हनसाइट जगभरच्या संग्राहकांनी आहे तसंच जपून ठेवलंय, कुणी पॉलिश केलेलं नाही. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एकदा लेकरांना दाखवून आणा, म्हणजे कशाला हात लावायचा नाही ते कळेल.

रानातले चार दगड वेचणं वेगळं आणि रान उकरून ट्रॉली भरणं वेगळं. अकीक आणि जास्पर 2015 पासून गौण खनिजांच्या यादीत आहेत. विक्रीसाठी काढायचे तर परवानगी आणि स्वामित्वधन आलं. व्यापारी ट्रॉली घेऊन निघून जाईल, नोटीस सातबाऱ्यावरच्या नावानं येईल. शिवाय उताराच्या मुरमाड रानातला वरचा खडा सरसकट वेचू नये. तो पावसाचा मार झेलतो, माती धरतो, ओल टिकवतो. पेरणीला आडवे येतात तेवढेच काढा.

आता कृषी सहायक आणि विद्यापीठातली मंडळी हे पान वाचतात म्हणून शेवटचा मुद्दा त्यांच्यासमोर. ड्रममधून निघणारा राखाडी चिखल ‘सिलिका खत’ म्हणून उसाला आणि भाताला घाला, असंही आता सांगितलं जातंय. ऊस आणि भात सिलिकॉन भरपूर उचलतात हे खरं. पण ते उचलतात पाण्यात विरघळलेलं सिलिसिक आम्ल. गारगोटीची पूड पाण्यात विरघळते ती नावापुरती. आपल्या वाळूत गारगोटी काय कमी असते? वाळूनं ऊस पोसतो का? त्यात वरून या चिखलात कार्बोरंडम असतं, ते तर आणखी निगरगट्ट. बेसाल्टच्या भुकटीवर वेगळे प्रयोग चालतात, तो विषय वेगळा, त्याची जोड या चिखलाला लावू नका. आणि फवारणीच्या पंपात हे घातलं तर नोझल आणि वॉशर दोन्ही जातील.

तो चिखल मोरीतही ओतायचा नाही, पाइपात सिमेंटसारखा घट्ट बसतो. ओढ्यात नाही, विहिरीजवळ नाही. जुन्या बादलीत एक रात्र ठेवायचा, वरचं पाणी नितळ झालं की काढायचं, खालचा गाळ ओला असतानाच बांधाच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरायचा आणि वर वीतभर माती. फरशीवर सांडला तर लगेच ओल्या फडक्यानं पुसायचा. वाळू दिला आणि सकाळी घरातल्या बाईनं केरसुणी फिरवली, की ड्रमवाल्यानं टाळलेली धूळ तिच्या छातीत जाणार.